भिंतीवरचा कामगार

रविवारी सकाळी उठून जुन्या बाजारात जाण्याची माझी सवय आमच्या घरात कुणालाच पसंत नाही. 'घरातले आधी काढा, मग बाहेरचे आणा', असे सौ. गेली तीस वर्षे सांगत आली आहे आणि मी तेवढीच वर्षे पिशवी घेऊन निघत आलो आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. शाहीर अमर शेख यांचे नाव दिलेल्या चौकाजवळ, रस्त्याच्या कडेला पोती आणि ताडपत्र्या अंथरून माणसे बसलेली असतात. गंजलेली कुलुपे, पाने, पकडी, पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळे, कुणाच्या तरी आजोबांचा फ्रेममधला फोटो. एका पिढीने जपलेले आणि दुसऱ्या पिढीने बाहेर काढलेले सारे तिथे भेटते.

अशाच एका रविवारी जुन्या मासिकांच्या ढिगाखालून एक घडी घातलेला मोठा कागद हाती आला. उलगडला तर लालभडक आभाळ आणि त्या आभाळात घुसलेले तेलविहिरींचे उंच मनोरे. पुढे निळ्या जाड कपड्यांतली एक तरुण मुलगी उभी. डोक्यावर शिरस्त्राण, बाह्या वर सरकवलेल्या, गाल पिकल्या टोमॅटोसारखे. तिच्या मागे एक प्रौढ कामगार, तोही हसतो आहे. दोघांची नजर कागदाच्या बाहेर, दूर कुठेतरी लागलेली. खाली पाच मोठी चिनी अक्षरे.

"जपानी आहे साहेब, भारी माल आहे," विक्रेता म्हणाला.

"जपानी नाही, चिनी आहे," मी म्हणालो.

"मग पन्नास रुपये कमी द्या," तो तत्परतेने म्हणाला. मी दिले आणि कागद घरी आणला.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने नोकरीसाठी चिनी भाषा शिकून घेतली आहे. संध्याकाळी तिला तो कागद दाखवला. ती पाच अक्षरे तिने बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "काका, उद्योगात दाचिंगपासून शिका, असं लिहिलंय." मग चष्मा काढून तिने खालच्या कडेची बारीक अक्षरेही वाचली. साल १९७५. किंमत चौदा फेन, म्हणजे एका युआनचा सातवा हिस्सा. तिथल्या कामगाराला सहज परवडावा, घरी नेऊन भिंतीला चिकटवावा, एवढ्या किमतीचा हा कागद. हे कळल्यापासून तो कागद मला स्वस्थ बसू देईना. मग वाचायला घेतले. जे वाचले ते, आणि त्यातून आमच्याच घरातले जे आठवले ते, आज सांगायचे आहे.

चीन म्हटले की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ मध्ये तिकडच्याच मातीत मिसळले. दुसरी १९६२ ची लढाई. या दोहोंच्या पलीकडे त्या देशातल्या साध्या माणसाच्या घराच्या भिंतीवर काय टांगलेले असे, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. वास्तविक ती भिंत आपल्या भिंतीहून फारशी वेगळी नव्हती.

चीनमध्ये नववर्षाला घराच्या दारांवर आणि भिंतींवर रंगीत चित्रे लावण्याची शेकडो वर्षांची चाल. दाराच्या दोन फळ्यांवर दोन द्वारपाल देव, आत माशाला मिठी मारलेले गुटगुटीत बाळ. घरात वाईट येऊ नये, अन्न कमी पडू नये, एवढीच त्यामागची भावना. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि तिथल्या शिळाछापावरून निघालेले रामपंचायतन घरोघरी पोहोचले. पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती आल्या. शिळाछापाने देव देवळातून काढून माजघरात आणले. स्वस्त छापील चित्राची ताकद काय असते, हे पुणेकराला वेगळे सांगायला नको.

ही ताकद चीनच्या नव्या राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखली. ऑक्टोबर १९४९ मध्ये सत्ता स्थापन झाली आणि दुसऱ्याच महिन्यात सांस्कृतिक खात्याचा आदेश निघाला की नववर्षाची चित्रे यापुढे नव्या विचाराची असावीत. देव गेले, त्यांच्या जागी कामगार, शेतकरी आणि सैनिक आले. शांघायमधले जे चित्रकार पूर्वी सिगारेटच्या आणि साबणाच्या कॅलेंडरांवर नटव्या स्त्रिया रंगवत, त्यांतल्या अनेकांच्या हाती आता ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आल्या. गालांवरचा गुलाबी रंग तोच राहिला. गुटगुटीत बाळही राहिले. फक्त माशाऐवजी त्याच्या मिठीत भलेमोठे कणीस आले. भिंत तीच, खिळा तोच, चित्र तेवढे बदलले.

इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. ज्या देशात हजारो वर्षे राजे आणि मंडारिन यांचीच चित्रे निघाली, तिथे हातात पाना घेतलेला माणूस भिंतीवर आला, ही लहान गोष्ट नव्हे. आणि त्याच्या शेजारी बाई आली. वेल्डिंग करणारी, क्रेन चालवणारी, विजेच्या खांबावर चढलेली बाई त्या चित्रांत १९५० पासून दिसते. आपल्याकडे १९७४ मध्ये टेल्कोची इंजिनीअरांच्या भरतीची जाहिरात निघाली तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने, म्हणजे पुढे सुधा मूर्ती म्हणून जग ज्यांना ओळखू लागले त्यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि मग त्या पुण्याच्या कारखान्यात लागल्या. तेव्हा चिनी पोस्टरातल्या त्या मुलीला हसण्याआधी आपण जरा थांबावे.

पण चित्राची खरी परीक्षा १९५८ मध्ये झाली. माओंनी 'मोठी झेप' जाहीर केली. पंधरा वर्षांत पोलाद उत्पादनात ब्रिटनला मागे टाकायचे होते. १९५७ मध्ये सुमारे साडेत्रेपन्न लाख टन पोलाद निघाले होते; ते एका वर्षात दुप्पट, म्हणजे एक कोटी सात लाख टन करण्याचे ठरले. गावोगावी परसात मातीच्या भट्ट्या पेटल्या. घरातल्या कढया, दारांच्या कड्या, शेतीची अवजारे त्या भट्ट्यांत गेली. भट्टीला लाकूड हवे म्हणून झाडे तुटली. आकडा गाठल्याची घोषणाही झाली. पण त्यातले लाखो टन लोखंड असे होते की त्याचा धड खिळाही झाला नसता. माणसे भट्टीवर राबत असताना उभे पीक शेतात राहिले आणि गावागावाने वर कळवलेले धान्याचे आकडे फुगलेले होते. त्या फुगलेल्या आकड्यांवर सरकारने धान्याची वसुली केली. त्यानंतरच्या तीन वर्षांत दुष्काळाने किती माणसे गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत; कमीत कमी अंदाज दीड कोटीचा, आणि काही अभ्यासक साडेचार कोटींपर्यंत जातात.

आणि त्याच वर्षांतली पोस्टरे? त्यांत भट्ट्यांच्या ज्वाळा सुंदर आहेत. भोपळे होडीएवढे आहेत, शेंगदाण्यावर मुले घोड्यासारखी बसली आहेत, धान्याच्या राशी ढगांना टेकल्या आहेत. सगळ्यांचे गाल भरलेले. जी माणसे कुणी रंगवली नाहीत, ती झाडांच्या साली खात होती.

चित्रकार खोटारडे होते असे मला म्हणायचे नाही. त्यांना जे हवे म्हणून सांगितले ते त्यांनी काढले, आणि पुष्कळांचा त्यावर मनापासून विश्वासही असेल. मला दिसते ते एवढेच, की भिंतीवर गौरव जितका मोठा झाला तितका वहीतला हिशेब धूसर होत गेला. ज्याचा रोज गौरव चालला आहे त्या माणसाला भूक लागली आहे, हे म्हणायची सोयच उरली नाही. म्हणणारा जणू त्या चित्राचाच अपमान करत होता.

माझ्या कागदावर ज्या दाचिंगचे नाव आहे त्याचीही गोष्ट अशीच. चीनच्या ईशान्येकडच्या गोठणाऱ्या माळावर १९५९ मध्ये तेल सापडले आणि त्या जागेला नाव मिळाले दाचिंग, म्हणजे महोत्सव. तिथे वांग चिन्शी नावाचा एक खोदकाम कामगार होता. १९६० मध्ये विहीर उसळण्याची वेळ आली, चिखलाचे मिश्रण घुसळायला यंत्र नव्हते, तेव्हा पाय दुखावलेला असताना त्याने स्वतः त्या खड्ड्यात उडी टाकली आणि हातापायांनी मिश्रण ढवळले. लोकांनी त्याला 'पोलादी माणूस' म्हटले. १९६४ पासून साऱ्या देशाला सांगण्यात आले की उद्योगात दाचिंगपासून शिका. त्या उडीची चित्रे लाखांनी छापली गेली. तो पोलादी माणूस १९७० मध्ये पोटाच्या कर्करोगाने गेला. वय अवघे सत्तेचाळीस. मिश्रण ढवळायचे यंत्र तिथे का नव्हते, हा प्रश्न त्यांतल्या एकाही चित्राखाली छापलेला नाही.

हे वाचताना मला आमचे अण्णा आठवू लागले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही कसबा पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो आणि अण्णा सायकलवरून मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात जात. नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. ते प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्याला दाब देऊन त्यातून गाड्यांचे भाग काढायचे, ते काम. पहाटेची पाळी असली की साडेपाचला त्यांच्या सायकलची साखळी वाजे आणि त्या आवाजावर शेजारची बिऱ्हाडे उठत.

तो काळच कारखान्यांच्या गौरवाचा होता. पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या ज्वारीच्या शेतांत शेड उठू लागल्या. पाकिटावर चिकटवायचे तिकीट काढले तर १९५५ च्या मालिकेत त्यावर ट्रॅक्टर, यंत्रमाग, चित्तरंजनचे रेल्वे इंजिन. खिशातली नोट काढली तर पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर, शंभराच्या नोटेवर हिराकूडचे धरण. आपण भिंतीवर नव्हे, तर खिशात पोस्टरे घेऊन हिंडत होतो.

त्याच्याही आधीची परंपरा मराठी माणसाच्या घरचीच होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकार व्हायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आले म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती, तेव्हा नांगर घडवणे आणि तो पटवून देणे ही दोन्ही कामे त्यांना करावी लागली. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. शंकरराव हातात कुंचला धरलेले संपादक होते. कारखान्याच्या खबरपत्रातून निघालेले हे मासिक पुढे मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले. म्हणजे यंत्राचा आणि उद्योगाचा महिमा चित्रातून सांगणे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही. फरक असेल तर एवढाच, की तिथे मागे सरकारचा हुकूम होता. इथे न पटलेला शेतकरी नांगर न घेता घरी जाऊ शकत होता. हा फरक मी लहान मानत नाही.

तर, अण्णांच्या प्रेस शॉपमध्येही एक चित्र होते. आपल्याकडे १९६६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळला जाऊ लागला. त्या निमित्ताने कारखान्यांत पोस्टरे लागत. हसरा कामगार, डोक्याला शिरस्त्राण, वर केलेला अंगठा, आणि खाली सुरक्षितता तुमच्या हाती आहे अशा अर्थाचा मजकूर. अण्णांच्या मशीनवरून मान वर केली की समोर तेच दिसे.

पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय वरचा दट्ट्या खाली येत नाही. युक्ती साधी आहे. दोन्ही हात बटणांवर असले की ते साच्यात असूच शकत नाहीत. पण त्यामुळे काम सावकाश होते. म्हणून एका बटणात लाकडाची चिपटी ठोकून ते कायमचे दाबून ठेवायचे, एक हात पत्रा सरकवायला मोकळा करायचा, म्हणजे पाळीला शंभर-दोनशे नग जास्त निघतात. १९७३ च्या उन्हाळ्यात नगांचा आकडा वाढवून मिळाला आणि चिपट्या ठोकल्या गेल्या. ठोका असे लेखी कुणीच सांगितले नव्हते. ठोकलेल्या चिपट्या दिसत असूनही काढा असेही कुणी सांगितले नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दुपारी वाड्याच्या दिंडीदरवाजाशी अण्णांचे दोन सोबती उभे दिसले. त्यांच्यातल्या एकाच्या हातात अण्णांची सायकल होती. आईने ती सायकल पाहिली आणि खाली बसली. उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

अहवालात लिहिले गेले, कामगाराचा निष्काळजीपणा. आणि त्या भिंतीवरच्या चित्राचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. सुरक्षितता तुमच्या हाती, म्हणजे हात गेला तर दोषही तुमचाच. ते चित्र फक्त कामगाराशी बोलत होते. ज्याने नगांचा आकडा ठरवला त्याच्या केबिनमध्ये तसले पोस्टर नव्हते. चिनी चित्रेही कामगाराशीच बोलतात. शिका, वाढवा, गाठा. कामगाराच्या वतीने ती कधी कुणाशी बोलत नाहीत.

अण्णांच्या वतीने बोलला तो एक कायदा आणि एक माणूस. माणूस म्हणजे शेजारच्या मशीनवरचा सोबती. नोकरी जाईल हे ठाऊक असताना त्याने चौकशीत सांगितले की चिपट्या सगळ्याच मशीनांवर होत्या आणि सगळ्यांना दिसत होत्या. आणि कायदा म्हणजे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यामागची यादी, जी पुढे विमा योजनेतही तशीच वापरली गेली. त्या यादीत माणसाचे शरीर तुकड्या-तुकड्यांनी मांडलेले होते. एका हाताची चार बोटे गेली तर कमाईच्या क्षमतेत ५० टक्के घट, तीन बोटे ३० टक्के, दोन बोटे २० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. त्यात गौरव नाही, लाल आभाळ नाही, कुणी हसत नाही. पण त्या कोरड्या यादीमुळेच अण्णांना मेडिकल बोर्डाने वीस टक्के दिले आणि मरेपर्यंत दरमहा थोडी रक्कम येत राहिली. त्या रकमेतून माझी कॉलेजची फी गेली. कामगाराविषयी छापलेल्या साऱ्या कागदांत आमच्या घराच्या उपयोगी पडलेला कागद तो एकच.

एवढे सांगून थांबलो तर अण्णांवर अन्याय होईल. कारण आमच्या वाड्यातल्या बाहेरच्या खोलीत कारखान्याचे कॅलेंडर होते. त्यावर एक चकचकीत गाडी आणि तिच्याशेजारी स्वच्छ कपड्यांतला हसरा कामगार. अपघातानंतर मी रागाने ते काढायला गेलो, तर अण्णांनी अडवले. म्हणाले, "राहू दे. त्यातला माणूस कोण आहे कुणास ठाऊक. पण तो मडगार्ड मी काढलेला आहे."

या वाक्याने मला आजवर सोडलेले नाही. पोस्टर निव्वळ लबाडी असते तर ते इतके टिकते ना. राबणाऱ्या माणसाला आपण दिसावे असे वाटते. आपण केलेली वस्तू कुणी तरी पाहावी, ती कुणी केली हे विचारावे, असे वाटते. पोस्टर त्या भुकेला हात घालते. मडगार्ड खरा असतो. फक्त त्याच्या शेजारचा माणूस दुसराच कुणी असतो.

मराठीत या माणसाला नाव आणि चेहरा मिळाला तो शाहिरांच्या आणि कवींच्या हातून. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे यांनी गिरणीत आणि चाळीत राहून लिहिले, तेव्हा कामगार खोकू लागला, कर्ज काढू लागला, भांडू लागला. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप केला आणि १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने चित्रातला माणूस चित्रातून उतरलेला पाहिला. त्याच्या मागण्या कुणाला पटल्या, कुणाला नाहीत. पण हसरा चेहरा ठेवून उभे राहण्याचे काम त्याने त्या दिवसापुरते सोडले होते.

हे सारे जुने झाले असे कुणी म्हणेल. मग २०२० आठवा. मार्चमध्ये आपण बाल्कनीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली. चौकाचौकांत 'योद्ध्यां'चे आभार मानणारे फलक लागले. आणि ८ मेच्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला, रेल्वे रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे होते. काम बंद, पैसा संपलेला, म्हणून मध्य प्रदेशातल्या घरी जायला चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. पोलाद कामगाराचे त्या वर्षीचे खरे चित्र तेच होते, आणि ते कुणी मागवून काढून घेतलेले नव्हते.

मग गौरव करूच नये का? करावा. पण गौरव फुकटात होतो आणि हिशेबाला पैसे पडतात, एवढे ध्यानात ठेवून करावा. ज्या फलकावर कामगाराचे आभार मानले आहेत त्याच्या मागे त्याचा पगार वेळेवर होतो का, त्याचा विमा भरला जातो का, त्याच्या मशीनच्या दुसऱ्या बटणात चिपटी तर नाही ना, हे विचारायला आपण शिकले पाहिजे. हा प्रश्न विचारणे म्हणजे कारखान्याशी वैर नव्हे. लक्ष्मणरावांच्या नांगरावर ज्यांचा विश्वास बसला तो चित्र पाहून नव्हे, नांगरलेले शेत पाहून.

आणि पुण्यापुरते बोलायचे तर आपल्यासमोर चांगले उदाहरणही आहे. बाबा आढावांनी इथे हमाल पंचायत उभी केली. अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पुढे १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत झाली. कचऱ्याच्या ढिगावर वाकलेल्या त्या बायांना तोवर कुणी कामगार म्हणतच नव्हते. कुत्री भुंकत आणि पोलीस हटकत. पंचायतीने त्यांना ओळखपत्र दिले आणि महापालिकेनेही त्या ओळखपत्राला मान्यता दिली. त्यावर एक छोटा फोटो असतो. बाई बहुधा हसत नाही, कॅमेऱ्याकडे जराशी दबकून पाहते. आभाळ लाल नसते. पण फोटोखाली तिचे स्वतःचे नाव असते, आणि ते कार्ड दाखवून ती कचरा उचलण्याचा आपला हक्क सांगू शकते.

पुण्यात निघालेले कामगाराचे सर्वांत चांगले चित्र कोणते असे मला कुणी विचारले, तर मी त्या दीड इंची फोटोकडे बोट दाखवीन.

चीनमध्ये त्या जुन्या पोस्टरांची आता संग्राहकांच्या जगात मोठी चलती आहे. रद्दीत चाललेले कागद गोळा करून शांघायच्या यांग पेमिंग या संग्राहकाने त्यांचे खासगी संग्रहालयच उभारले. चौदा फेनचा कागद आता परदेशी लिलावांत विकला जातो, आणि नव्या छापाच्या नकला पर्यटकांच्या पिशव्यांतून जगभर जातात. त्या चित्रांसाठी जे उभे राहिले, ज्यांनी भट्ट्या पेटवल्या, ज्यांनी खरोखरच ती तेलविहीर खोदली, त्यांची नावे मात्र थोड्यांचीच उरली आहेत.

माझा कागद अजून भिंतीवर लागलेला नाही. सौ. म्हणते, "बाई चांगली दिसते, लावा की." मीही मध्यंतरी हातोडी घेऊन उभा राहिलो होतो. खिळा शोधताना कपाटाच्या खणात अण्णांचा पितळी बिल्ला सापडला. कारखान्यात शिरताना टाइम ऑफिसच्या खिडकीशी द्यायचा आणि सुटताना परत घ्यायचा तो बिल्ला. त्यावर नाव नाही. चार आकडे आहेत, आणि बोटांनी घासून तेही अर्धे पुसले आहेत. सध्या त्या खिळ्यावर तो बिल्लाच टांगला आहे.

तुमच्याही घरात अशा एखाद्या खणात असा बिल्ला, पास किंवा पगाराचा जुना पाकीटवजा कागद असेल. त्याचा मालक अजून घरात असेल तर आज रविवार आहे, दुपारी जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ जरा बसा. बोटे कशी गेली, भोंगा किती वाजता व्हायचा, पहिला पगार किती होता, शेजारच्या मशीनवर कोण होते, हे विचारा. आणि त्यांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.